लाइट गेल्यावरचं जग

आमच्या घरात जगाचा कारभार लाइट गेल्यावर चालायचा. लाइट असली की गिरणी सुरू असायची, आणि गिरणी सुरू असली की शेजारी उभ्या माणसाला स्वतःचं नाव सांगायचं तरी ओरडावं लागे. त्या आवाजात अमेरिकेचा विषय कोण काढणार? पण लाइट गेली, पट्टा फडफडत थांबला, दगडांची घरघर विरली, की माझे वडील, ज्यांना आम्हीच काय सगळं गाव नाना म्हणायचं, हातावरचं पीठ झटकत दारातल्या पोत्यांवर येऊन बसत आणि म्हणत, "हां, तर काय सांगून राह्यलो होतो मी?" मागच्या वेळी काय सांगत होते हे त्यांनाही आठवत नसे. पण रशिया, इराक, दिल्लीचं सरकार, कॉम्प्युटर, आभाळात सोडलेले उपग्रह यांपैकी काही ना काही अर्धवट राहिलेलं असायचंच.

आमचं गाव तीर्थपुरीच्या अलीकडे, घनसावंगीच्या रस्त्याला लागून. गिरणी आणि घर यांच्यामध्ये एकच भिंत होती, तीही नावाला. पिठाला भिंत कळत नाही. चुलीवरच्या तव्यावर, देवघरातल्या फोटोंवर, दांडीवरच्या लुगड्यांवर पीठ. मी आणि माझा धाकटा भाऊ दिनू शाळेत पोचायचो ते पांढऱ्या भुवयांनी, आणि गुरुजी हजेरी घेताना आम्हाला "म्हातारे आले का?" असं विचारायचे. आईला आम्ही माय म्हणायचो. तिच्या हातच्या येसराच्या आमटीला एक वेगळीच चव होती, आणि माझा अजून असा समज आहे की ती चव मसाल्याची नव्हती, वरून भुरभुरत येणाऱ्या गावभरच्या पिठाची होती. पुढे मी जालन्यात संसार थाटला, तसंच भाजून तसंच कुटून येसर केलं, पण तशी आमटी एकदाही झाली नाही.

गिरणीत दोन राज्यं होती. दळणाचं राज्य मायचं. कुणाचा डबा आधी, कुणाचा नंतर, हे ती ठरवायची, आणि ते सोपं काम नव्हतं. ज्वारी दळून झाल्यावर लगेच गहू टाकला तर पहिल्या गव्हात दगडाला चिकटलेली ज्वारी उतरते आणि पोळ्या काळपट होतात. त्यामुळे गव्हाचा पहिला डबा आपला नको म्हणून बायका जी कारणं काढायच्या ती ऐकण्यासारखी असत. कुणाचे पाहुणे वाटेत असत, कुणाचं लेकरू पाळण्यात एकटं असे, कुणाला अचानक चक्कर येई. माय सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि जिला सर्वांत मोठी चक्कर आली असेल तिचाच डबा पहिला टाकायची. तिच्या निकालावर अपील नव्हतं. स्टार्टरच्या समोर तिचा लाकडी पाट असे. स्टार्टरच्या वर तीन बारके दिवे होते, लाल, पिवळा आणि निळा. तिन्ही लागले की तिन्ही तारांतून लाइट आली असं समजायचं. एखादा विझलेला असताना मोटर चालू केली तर ती जळणार. त्या दिव्यांकडे बघत बसणं आणि ते लागले की स्टार्टरची मूठ ओढून गिरणी सुरू करणं हे मायचं काम होतं. लाइटीचा काही भरवसा नसे, म्हणून एक नेम कडक होता. लाइट आली की गिरणी सुरू, मग दारात मंत्री उभा असो नाहीतर नवरदेव.

दुसरं राज्य नानांचं, म्हणजे उरलेलं जग. लाइट जायची तेव्हा डबे सोडून कुणी घरी जात नसे, कारण डबा सोडला की नंबर गेला. त्यामुळे नानांना श्रोते आयते मिळत. एसटीनं येणारं वर्तमानपत्र आमच्या गावात दुसऱ्या दिवशी पोचायचं, म्हणजे आमच्याकडे जग एक दिवस शिळं असे, पण नाना त्याला असा तडका द्यायचे की कुणाला शिळेपणा जाणवत नसे. आखातात लढाई पेटली तेव्हा त्यांनी सगळं प्रकरण आमच्या गावच्या विहिरीत आणून बसवलं. "अमेरिका म्हंजे काय? मोठा बागायतदार. इहीर त्याची, मोटर त्याची, अन् पाण्याची पाळी कुणाची हे बी तोच सांगणार. मंग भांडण होईल न्हाईतर काय होईल?" बायाबापड्या मान हलवायच्या. मोठा बागायतदार कसा असतो हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

कॉम्प्युटरबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. "तलाठ्याचं काम मशीन करणार म्हणत्यात. करू द्या. पर मशीनीला च्या कोण पाजणार? अन् च्या पाजल्याबिगर कागद निघतो का कुठं?" उपग्रहांमुळे पाऊस कमी झाला आहे असं ते म्हणत. आभाळात इतके लोखंडी डबे फिरू लागल्यावर ढगांना जागा कुठून मिळणार? एकदा आमचे गुरुजी दळण घेऊन आलेले होते. त्यांना राहवलं नाही. ते म्हणाले, "नाना, उपग्रह ढगांच्या फार फार वर असतात." नाना म्हणाले, "तेच म्हणून राह्यलो ना मी. वरून दाबून राह्यले ते!" गुरुजींनी पुढचे बरेच दिवस दळणाला बायकोला पाठवलं.

पण नाना सर्वांत रंगात यायचे ते कंपन्यांवर. तेव्हा जगाच्या व्यापाराचा कसलासा करार होणार अशी चर्चा होती आणि नानांनी तो करार आमच्या कणगीत आणून ठेवला. "आज बियाणं इकतील. उद्या म्हणतील, हे बी मपलं हाये, तुमी ठिवायचं न्हाई. घरच्या कणगीतलं पेरायला साहेबाला इचारावं लागंल. बिलकुल बराबर सांगून राह्यलो." असं ते बोलत सुटले की गिरणीत सन्नाटा व्हायचा. मग कुणीतरी घाबऱ्या आवाजात विचारायचं, "मंग नाना, आपुन काय करावं?" आणि नाना घसा खाकरायचे, आभाळाकडे बघायचे, बोट वर करायचे, आणि नेमकी तेव्हाच लाइट यायची. माय मूठ ओढायची, पट्टा फिरायचा, आणि जगानं काय करावं ते घरघरीत बुडून जायचं. नाना हात हलवून, "नंतर सांगतो," अशी खूण करत उठायचे. मला तर लहानपणी वाटायचं की लाइटवाले नानांचं भाषण तारेतून ऐकत असावेत.

मायला मतं नव्हती. निदान आम्हाला तसं वाटायचं. एकदा नाना रशिया कसा फुटला ते सांगत होते. त्यांनी कौतुकानं तिलाही विचारलं, "तुला काय वाटतं गं?" माय म्हणाली, "फुटला तरी दळण लागतच असंल की त्यांना." नानांनी यावर बराच वेळ विचार केला आणि तेच वाक्य पुढच्या आठवड्यात स्वतःचं म्हणून सांगितलं.

तर अशा या सुरळीत चाललेल्या जगात एका दुपारी कंपनीचा साहेब आला. कापसाचं संकरित बियाणं विकणारी कंपनी. तिचं नाव सांगत नाही, कारण नाव सांगण्याइतकं तिनं काही वाईट केलं नाही, हे पुढे कळेल. साहेब तरुण होता, पुण्याकडचा, जीपमधून उतरला तेव्हा डोळ्यांवर गॉगल होता आणि पायात बूट. लाइट गेलेली होती. नाना नेमके कंपन्यांवर बोलत होते. आम्हाला वाटलं, आता होणार भांडण. पण साहेबानं गॉगल काढून खिशात ठेवला, पिठानं माखलेल्या पोत्यावर तसाच बसला आणि शेवटपर्यंत ऐकत राहिला. मध्ये बोलला नाही, जांभई दिली नाही, त्याचा डबाही नव्हता. इतका निर्मळ श्रोता नानांना आयुष्यात मिळाला नव्हता. लाइट आली तेव्हा साहेब त्यांना हाताला धरून बाहेर कडुनिंबाखाली घेऊन गेला आणि म्हणाला, "काका, तुमचे विचार देशपातळीवरचे आहेत हो. इथे वाया चाललेत."

नाना तिथेच विरघळले. बाकीचं साहेबाला फार अवघड गेलं नसावं. त्याचं मागणं लहान होतं. गिरणीची रस्त्याकडची भिंत रंगवायला द्यायची, आणि पेरणीच्या आधी अंगणात एक सभा होईल तिच्यात नानांनी चार शब्द बोलायचे. मोबदल्यात कंपनी नानांना रंगीत टीव्ही देणार होती. "ताज्या बातम्या, काका. ज्या दिवशीच्या त्या दिवशी." शिळ्या जगावर आयुष्य काढलेल्या माणसाला हे म्हणणं म्हणजे काय, हे साहेबाला बरोबर कळलं होतं. पैसे देऊ केले असते तर नानांनी त्याला जीपपर्यंत शिव्या देत पोचवलं असतं, यात मला आजही शंका नाही.

त्या रात्री जेवताना नाना आपणहून म्हणाले, "मी काही कंपनीचा झालो न्हाई. त्यांच्या गोटात काय चालू हाये ते कळलं पायजे, म्हणून टीव्ही घेऊन राह्यलो."

माय भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यांनीच दिलेल्या डब्यातून कळंल का ते?"

नानांनी ठेच्याचं बोट चाटलं आणि दिनूला अभ्यासाबद्दल विचारलं. आम्हा दोघांना मात्र कुणाचा गोट आणि काय, टीव्ही येणार एवढंच ऐकू आलं होतं. दिनू त्या रात्री अंथरुणात पालथा पडून टीव्हीत जसं संगीत वाजतं तसं तोंडानं वाजवत होता.

भिंत रंगवायला रफिक पेंटर आला. पंचक्रोशीतल्या सगळ्या पाट्या त्याच्याच हातच्या. साहेबानं त्याला सांगितलं की फेट्यातला एक समाधानी शेतकरी काढ, हातात कापसाचं बोंड दे आणि खाली लिही, "माझा अनुभव, माझा विश्वास." आता रफिकला कल्पनेतला माणूस काढता येत नसे. देवाचं चित्रसुद्धा तो कुणाला तरी समोर बसवून काढायचा, आणि म्हणूनच आमच्या मारुतीचा चेहरा गावातल्या एका पैलवानासारखा आहे. समोर पोत्यावर नाना बसलेले. रफिकनं त्यांच्याकडे बघत बघत समाधानी शेतकरी काढला. तीच वाकडी मिशी, तोच उजव्या गालावरचा मस, तेच बोलायच्या बेतात असलेलं तोंड. पूर्ण झाल्यावर सगळे लांब जाऊन बघू लागले. शेवटी रफिक अभिमानानं म्हणाला, "अब बोलो नाना, कौन असली कौन नकली?" साहेबाला तर बियाण्याच्या दोनशे पिशव्या एकदम विकल्या गेल्यासारखा आनंद झाला. नाना हसले, पण त्यांनी भिंतीकडे परत पाहिलं नाही.

टीव्ही आला, अँटेना लागला, आणि त्यानंतर लक्षात आलं की लाइट असली की गिरणी चालते, आणि गिरणी चालली की टीव्हीत नुसत्या वेड्यावाकड्या रेघा दिसतात. बातम्या सांगणारी बाई दगडांच्या तालावर थरथरत असे. नानांनी मायला सुचवून पाहिलं की बातम्यांपुरती गिरणी थांबवावी. मायनं नुसतं दाराबाहेरच्या डब्यांच्या रांगेकडे बोट दाखवलं. तर असा तो ताज्या बातम्यांचा टीव्ही. लाइट गेली की अंधार, आणि लाइट आली की रेघा. आम्ही रेघांसमोरही बसायचो म्हणा. कधीकधी रेघांतून एखादा सबंध माणूस दिसून जायचा.

पण खरी गडबड टीव्हीत नव्हती, नानांत होती. लाइट गेली की ते पोत्यावर येऊन बसत, पण विषय निघत नसे. कुणी कंपन्यांचं काढलं की ते म्हणत, "दोन्ही बाजू बघाव्या लागत्यात." दोन्ही बाजू! ज्या माणसानं उपग्रहालासुद्धा कधी दुसरी बाजू दिली नाही, त्या माणसाच्या तोंडी हे वाक्य. अमेरिकेचं विचारलं तर, "तेंचं तेंना माहीत." लोक एकमेकांकडे बघायचे. हळूहळू बायका डबा ठेवून घरी जायला लागल्या, "लाइट आली की सांगावा धाडा," म्हणून. गिरणीत शांतता पसरली की मला कसंतरी व्हायचं. नानांना रेटून बोलताना ऐकायची मला इतकी सवय होती, आणि त्यांची बहुतेक मतं चुकीची असतात हे मला शाळेमुळे कळायला लागलं होतं, तरी ते गप्प बसलेले मला बघवत नव्हते. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांची कीवही यायची. बोलणारे नाना आता फक्त भिंतीवर होते.

आणि भिंतीवरचे नाना लोकांनी फार मनावर घेतले. साहेबाला वाटत होतं ती जाहिरात आहे. गावाला वाटत होतं नानांनी शब्द दिलाय. आमच्याकडे कुणी कुणाचं बियाणं नुसतं पिशवीवर वाचून घेत नाही. कुणाच्या शेतात बघितलं, कुणी सांगितलं, हे महत्त्वाचं. आता दिसेल तो नानांना गाठून विचारायचा, "नाना, लावू का?" आणि नाना म्हणायचे, "बघा बाबा, ज्याच्या त्याच्या जमिनीवर हाये." खरी गोष्ट अशी होती की आमची जमीन एवढीशी, तिच्यात ज्वारी आणि तूर. कपाशी नानांनी जन्मात लावली नव्हती.

कौसामावशीचा तुकडा आमच्या बांधाला लागून होता. बौद्धवाड्यातली ही बाई. नवरा जालन्यात गवंडीकाम करायचा, शेतीचं सगळं तिच्या मुठीत. गिरणीतल्या सभेची ती जुनी श्रोती होती, आणि "मंग आपुन काय करावं?" हा प्रश्न बहुतेक वेळा तिचाच असायचा. तिनं एक दिवस मायला सांगितलं की यंदा बाजरी नाही, मूग नाही, सगळा तुकडा या नव्या कपाशीखाली घालणार. "नानाच म्हणून राह्यले भितीवर, मंग काय बघायचं?" तिनं दळलेल्या पिठाचा डबा कौसामावशीच्या डोक्यावर चढवला आणि ती वळणापलीकडे जाईपर्यंत दारात उभी राहिली. मग आत येऊन नानांना म्हणाली, "कौसाबाई घरात खायचं पेरणार न्हाई यंदा. तुमच्या मिशीकडं बघून." नानांनी पेपर तोंडापुढे धरला. पेपर उलटा नव्हता, पण आठवड्यापूर्वीचा होता.

सभा संध्याकाळी ठरली. दुपारपासून लाइट नव्हती. साहेबानं जीपच्या बॅटरीवर भोंगा लावला होता. अंगण माणसांनी भरून गेलं आणि साहेबाचा चेहरा फुलला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक की अर्धी गर्दी दळणाची होती. डब्यांची रांग कडुनिंबापर्यंत गेली होती आणि जो तो आपापल्या डब्यापाशी बसून सभा ऐकत होता. साहेब बोलला, चांगलं बोलला, हात जोडून बोलला. मग त्यानं भोंग्याचा माइक नानांच्या हातात दिला. नानांना त्यानं वाक्यं शिकवून ठेवली होती. हे बियाणं मी माझ्या शेतात लावलं, मला फायदा झाला, तुम्हीही लावा. एवढंच.

नानांनी माइक हातात घेतला आणि सुरुवात केली अमेरिकेपासून. मी मायकडे बघितलं. ती आत पाटावर बसली होती, पण तिचं लक्ष बाहेर होतं. नाना अमेरिकेतून रशियात गेले, तिथून दिल्लीत आले, दिल्लीत बराच वेळ रेंगाळले. साहेब हळूच म्हणाला, "काका, बियाण्याचं." नाना म्हणाले, "येतो ना, वाटंतच हाये." लोक हसले. कितीतरी दिवसांनी लोक नानांच्या बोलण्यावर हसले होते. तेवढ्यात कौसामावशी आपल्या डब्यावरून उठली. पदर खोचला आणि म्हणाली, "नाना, दिल्लीचं ऱ्हाऊ द्या. तुमी लावलं का, तेवढं सांगा."

नानांनी घसा खाकरला. आभाळाकडे बघितलं. बोट वर केलं. आणि नेमका तेव्हाच रस्त्यावरच्या खांबाचा दिवा लागला.

सगळं अंगण एकदम हललं. लोक आपापल्या डब्यांना हात घालू लागले. नानांच्या तोंडावर जी सुटका पसरली ती मी या जन्मात विसरणार नाही. ते माइकमध्येच ओरडले, "लाइट आली! चला, दळणं!" आणि गिरणीकडे वळले.

गिरणी सुरू झाली नाही.

आम्ही सगळे वाट बघत होतो. दिवा जळत होता. आतून काही आवाज येईना. मग माय दारात आली. पदरानं कपाळावरचं पीठ पुसलं आणि शांतपणे म्हणाली, "दळणं होत्याल. कौसाबाईनं काय इचारलंय ते सांगा आधी."

लाइट असताना आणि गिरणी बंद असताना आमचं अंगण कसं असतं हे गावानं पहिल्यांदाच पाहिलं. भोंग्यातून नुसती घूं ऐकू येत होती. नानांनी मायकडे पाहिलं. तिनं मान वळवली नाही. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, तिथे ते स्वतः हातात बोंड घेऊन उभे होते. माझ्या शेजारी दिनूनं माझा हात घट्ट धरला. त्याला बहुधा कळलं होतं की आता टीव्ही जाणार.

"न्हाई," नाना म्हणाले. भोंग्यातून ते इतक्या मोठ्यानं आलं की ते स्वतःच दचकले. मग जरा हळू म्हणाले, "म्या लावलं न्हाई. म्या कपाशीच कधी लावली न्हाई. मला काय ठावं."

कौसामावशी म्हणाली, "मंग भितीवर कोण हाये?"

"भितीवर हाये तो टीव्हीवाला. त्याचं काही ऐकू नका. लई लबाड माणूस हाये."

मग रफिक पेंटर हसला, मग गुरुजी, मग सगळं अंगण. हसू इतकं पसरलं की डब्यांची झाकणं वाजायला लागली. कौसामावशी तोंडाला पदर लावून हसत होती आणि नाना माइक हातात धरून, आपल्याच चित्राखाली, घामाघूम होऊन, पण सरळ उभे होते. साहेबानं माइक घेतला आणि काही सांगायला लागला. त्याचं तोंड हलताना दिसलं. ऐकू आलं नाही, कारण मायनं तेव्हा मूठ ओढली होती.

दळणं संपल्यावर साहेब आमच्या घरात बसला होता. तो चिडला नव्हता, खचला होता. म्हणाला, "काका, मला वरच्यांना उत्तर द्यावं लागतं हो." नाना म्हणाले, "व्हय. ज्याच्या त्याच्या वर कोणीतरी हायेच." मायनं त्याला भाकरी आणि येसराची आमटी वाढली. त्यानं दोनदा मागून घेतली. मग टीव्ही मागच्या सीटवर ठेवून, वरून आमचंच एक पोतं गुंडाळून, जीप गेली. दिनू दोन दिवस टीव्हीच्या रिकाम्या जागेसमोर जेवायला बसला.

कौसामावशीनं मूग पेरला, बाजरी पेरली, आणि विहिरीकडच्या पट्टीत थोडी तीच कपाशी लावून पाहिली. ती चांगली आली. खरंच चांगली आली. तिनं बोंडं आणून नानांना दाखवली. नाना खजील होऊन म्हणाले, "बी तर वाईट नव्हतं मंग." ती म्हणाली, "बी बघायला मपले डोळे हायेत, नाना. तुमचं तोंड तेवढं बघायचं व्हतं मला."

रफिक भिंत पुसायला आला. अक्षरं त्यानं चुन्यानं झाकली, पण चेहऱ्यापाशी येऊन थांबला. "अपने हात से बनाया, कैसे मिटाऊं?" म्हणाला आणि ब्रश धुऊन निघून गेला. त्यामुळे नाना पुढची कितीतरी वर्षं भिंतीवर नुसतेच, काही न म्हणता, उभे होते. हे सोयीचं नव्हतं. प्रत्येक निवडणुकीत कोणीतरी त्यांच्या तोंडाजवळ आपली घोषणा रंगवून जायचं, आणि नानांना आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत बसावं लागायचं, "हे माझं मत न्हाई." पुढे मोबाइल आले तेव्हा एका कंपनीनं त्यांच्या कानाला फोन लावून टाकला. त्या फोनवर ते कुणाशी बोलताहेत याची गावात वर्षभर चर्चा होती.

आता गावात लाइट बरी असते. घरोघरी छोट्या चक्क्या झाल्या, आमची गिरणी बंद झाली, नानाही गेले. जग ज्या दिवशीचं त्या दिवशी, नव्हे त्या क्षणीच, ज्याच्या त्याच्या खिशात येतं. मतं भरपूर आहेत. माझी मुलं मला रोज कुठल्या तरी देशाबद्दल ठामपणे सांगतात, आणि त्यांतली काही मतं मला नानांच्या उपग्रहांची आठवण करून देतात. फक्त "मंग आपुन काय करावं?" असं विचारणारं आता कोणी समोर बसलेलं नसतं.

माय शेवटची काही वर्षं जालन्यात माझ्याकडे होती. एकदा दुपारी लाइट गेली, पंखा थांबला, आणि घर एकदम शांत झालं. मी सहज म्हटलं, "माय, नानांच्या नशिबाची कमाल होती. ते अडकले की बराबर लाइट यायची."

माय हसली. दात नव्हते, त्यामुळे ते हसू फार लबाड दिसलं. म्हणाली, "लाइट कवाच आलेली असायची गं. भर उन्हात खांबावरचा दिवा कुणाला दिसतो? ते तीन बारके दिवे तेवढे मला दिसायचे. तुझे नाना रंगात असले की म्या थांबायची. अडकले की मूठ वढायची."

इतक्या वर्षांत हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. नानांना ठाऊक होतं का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. मी म्हटलं, "मग त्या दिवशी? कौसामावशीनं विचारलं तेव्हा का नाही ओढलीस?"

"बाकीच्या टायमाला त्यांना उत्तर येत नसायचं," माय म्हणाली. "त्या दिवशी येत व्हतं."